बायबल, पाठभेद आणि चहा: शनिवारच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कॅम्पातल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही दहा-बारा जण बायबल उघडून बसतो. प्रवचन नसतं. मजकूर वाचायचा, तो कुणी, कधी, कुणासाठी लिहिला असेल ते शोधायचं आणि मग भांडायचं, एवढाच कार्यक्रम. मी पाळक नाही, प्राध्यापक तर नाहीच. एका छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासली आणि निवृत्तीनंतर कामापुरती ग्रीक शिकलो. नवीन माणूस आला की तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

वर्गाला यायला ख्रिस्ती असावं लागतं का?

नाही. सध्या चर्चमधल्या तीन मावश्या, इंजिनिअरिंगची दोन मुलं आणि सदाशिव पेठेतून येणाऱ्या संस्कृतच्या एक निवृत्त बाई हे कायमचे सभासद आहेत. सगळ्यांत अवघड प्रश्न बाईंचे असतात. बाप्तिस्म्याचा दाखला कुणी मागत नाही.

बायबलची चिकित्सा म्हणजे बायबलवर टीका का?

टीकाच, पण ज्ञानेश्वरांनी गीतेवर केली त्या अर्थानं. वर्तमानपत्रात टीका झाली म्हणजे कुणाला तरी झोडपलेलं असतं. पोथीवरची टीका म्हणजे अर्थ उलगडणं. बायबलच्या अभ्यासात चिकित्सा म्हणजे पारखून वाचणं. प्रुफावर मी लाल खुणा करायचो म्हणून लेखक माझ्यावर चिडत नसत. काही चिडत, पण ते वेगळं.

ढोबळमानानं तीन दिशांनी ही पारख होते. मजकुराच्या मागे काय आहे, म्हणजे कुठले स्रोत, कुठला काळ. मजकुरात काय आहे, म्हणजे रचना, शब्द, पुनरुक्ती. आणि मजकुरासमोर कोण बसलं आहे. वर्गातली निम्मी भांडणं होतात ती दोघं एकाच ओळीला वेगवेगळ्या दिशांनी भिडलेली असतात म्हणून.

मूळ बायबल कुठे जपून ठेवलंय?

कुठेच नाही. येशूची हकिकत लिहिणाऱ्या मत्तयाच्या किंवा पत्रं लिहिणाऱ्या पौलाच्या हातची एकही ओळ उरलेली नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाची, ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त आहेत, बहुतेक मध्ययुगातली. सगळ्यांत जुन्यांपैकी मानला जाणारा एक तुकडा मँचेस्टरला आहे. तो योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चार चरित्रांपैकी एक), तळहातात मावेल एवढा, बहुधा दुसऱ्या शतकातला. जवळजवळ पूर्ण असे मोठे ग्रंथ, व्हॅटिकनचा आणि सीनायचा, चौथ्या शतकातले. कोणतीही दोन मोठी हस्तलिखितं घ्या, अक्षरन् अक्षर जुळत नाहीत.

हे ऐकून काही जणांचा चेहरा पडतो. पुणेकरांचा पडू नये. लॉ कॉलेज रोडवरच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं महाभारताच्या पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती तयार झाली. वि. सी. सुकथनकर १९२५ पासून १९४३ मध्ये जाईपर्यंत या कामाचे प्रमुख संपादक होते. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय ही आपल्या सगळ्यांच्या आवडीची गोष्ट त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. तिला परिशिष्टात जागा मिळाली. त्याच्याही आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. कुणी तिच्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. बायबलचे पाठ ताडणाऱ्यांचं काम याच जातीचं आहे.

आता गणपतीच्या गोष्टीसारखीच एक जागा. व्यभिचाराच्या आरोपाखाली पकडून आणलेली बाई, आणि 'ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड टाकावा' असं म्हणणारा येशू. ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक असलेला हा प्रसंग (योहान ७:५३ ते ८:११; आधी अध्याय, मग ओवी) सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत नाही. काही हस्तलिखितांत तो लूकच्या शुभवर्तमानात जाऊन बसला आहे. मार्कचं शुभवर्तमान व्हॅटिकन आणि सीनायच्या प्रतींत १६:८ ला संपतं. बाया रिकाम्या कबरीपासून पळतात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत, बस्स. पुढच्या बारा ओव्या मागाहून आल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या मराठी बायबलात या जागी कंस किंवा तळटीप आहे का ते घरी जाऊन बघा. मी कंपोझिटरांच्या चुका आयुष्यभर पाहिल्यात, म्हणून एक खात्रीनं सांगतो: हात नकळत अनोळखी शब्दाचा ओळखीचा शब्द करतो, उलटं फार क्वचित. दोन ओळी एकाच शब्दानं संपत असतील तर मधली ओळ गळते. पाठ ताडणारे हेच नियम वापरतात. दोन पाठांतला अडखळायला लावणारा पाठ बहुधा जुना. मार्कचा अर्धवट वाटणारा शेवट तसा आहे.

जुन्या कराराचं, म्हणजे यहुद्यांच्या हिब्रू शास्त्राचं, चित्र १९४७ च्या सुमाराला पालटलं. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यात यशयाचं पुस्तक जवळजवळ अखंड होतं. तोवर हाताशी असलेल्या संपूर्ण हिब्रू बायबलच्या सर्वांत जुन्या प्रतीपेक्षा (इ.स. १००८) ते हजार वर्षांहून जुनं निघालं. फरक होते, पण पुस्तक तेच होतं.

पहिली पाच पुस्तकं मोशेनं लिहिली ना?

परंपरा तसं सांगते. पण त्याच पुस्तकांत मोशेच्या मृत्यूचीही हकिकत आहे, तेव्हा निदान तेवढं तरी दुसऱ्या कुणी लिहिलं असणार.

दोन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि उत्पत्तीचे ६ ते ८ अध्याय काढा. जिथे 'देव' तिथे निळी खूण, जिथे 'परमेश्वर' तिथे लाल. ६:१९ मध्ये देव नोहाला प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी घ्यायला सांगतो. ७:२ मध्ये परमेश्वर म्हणतो, शुद्ध पशू सात-सात घे आणि अशुद्ध दोन-दोन. एकीकडे पाऊस चाळीस दिवसांचा, दुसरीकडे पाणी दीडशे दिवस चढलेलं. मग ७:१६ वर या. ओवीच्या पहिल्या भागात देवानं आज्ञा केल्याप्रमाणे प्राणी तारवात गेले, दुसऱ्या भागात परमेश्वरानं दार लावून घेतलं. एकाच ओवीत दोन्ही रंग! वर्गात इथे नेहमी शांतता पसरते. दोन जुने वृत्तान्त कुणी तरी इतक्या हळुवार हातानं विणलेत की दोन्हींपैकी एकही टाकून द्यायचं त्याला धैर्य झालं नाही.

ही नावांची खूण १७५३ मध्ये झाँ आस्त्र्यूक या फ्रेंच डॉक्टरानं मांडली. त्याचा हेतू मोशेचा बचाव करण्याचा होता: मोशेनं जुनी साधनं वापरून लिहिलं, असं त्याचं म्हणणं. पुढे जर्मनीत युलिउस वेल्हाउझेननं १८७८ मध्ये चार स्रोतांची उपपत्ती पक्की केली. चारच वर्षांनी त्यानं धर्मशास्त्राच्या प्राध्यापकीचा राजीनामा दिला. आपल्या शिकवण्यामुळे विद्यार्थी पाळकाच्या कामाला निरुपयोगी होतात, असं त्याचं मन त्याला खात होतं. आज ती चार स्रोतांची चौकट जशीच्या तशी मानणारे कमी झालेत. याजकांच्या परंपरेतला मजकूर वेगळा ओळखता येतो यावर मात्र बरीच सहमती आहे. पाचव्या पुस्तकाचं वेगळेपणही मान्य आहे. त्याला मराठीत 'अनुवाद' म्हणतात. भाषांतर हा अर्थ इथे नाही. आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं, हा संस्कृत अर्थ. नव्या मुलांची इथे हमखास फसगत होते.

शुभवर्तमानं चार का? आणि तीन इतकी सारखी कशी?

पेपर तपासलेल्या कुठल्याही मास्तरांना विचारा. दोन मुलांचं उत्तर बरोबर आलं तर शंका येत नाही, वाक्यं तीच आली तर येते. मत्तय, मार्क, लूक यांच्या ग्रीक मजकुरात लांबलचक वाक्यं तीच आहेत. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते मार्क आधीचा, आणि बाकी दोघांसमोर तो होता. मार्कमध्ये नसलेलं पण मत्तय-लूकमध्ये सामाईक असलेलं बरंच काही उरतं, मुख्यतः येशूची वचनं. त्यासाठी एक हरवलेला वचनसंग्रह कल्पिला गेला. जर्मन भाषेतल्या 'स्रोत' या शब्दाच्या आद्याक्षरावरून त्याला 'क्यू' म्हणतात. त्याचं एकही पान सापडलेलं नाही आणि लूकनं मत्तयच वाचला होता असं मानणारे त्याची गरजच नाही म्हणतात. मी स्वतः कुंपणावर बसून आहे.

गंमत फरकांत आहे. येशू स्वतःच्या गावी जातो तेव्हा मार्क (६:५) लिहितो की थोड्या आजाऱ्यांना बरं करण्यापलीकडे तिथे त्याला कुठलंही महत्कृत्य करता आलं नाही. मत्तयासमोर तेच वाक्य होतं, पण त्यानं लिहिलं (१३:५८): तिथे त्यानं फारशी महत्कृत्यं केली नाहीत. 'करता आलं नाही' याचं 'केली नाहीत' झालं. एका क्रियापदात मत्तयाची सगळी अडचण दिसते. प्रभूला काही जमलं नाही हे लिहायला त्याचा हात धजेना. संपादकाचा हात असा पकडायची एक स्वतंत्र पद्धतच दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली.

संस्कृतच्या बाईंनी एकदा मीमांसकांची उपक्रम-उपसंहाराची कसोटी मार्कला लावली: ग्रंथाचं तात्पर्य ठरवायचं तर सुरुवात आणि शेवट जुळवून पाहा. येशूच्या बाप्तिस्म्याला आकाश फाटतं (१:१०), मरणाच्या वेळी मंदिराचा पडदा फाटतो (१५:३८). ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच. पहिल्या जागी आकाशवाणी त्याला पुत्र म्हणते, दुसऱ्या जागी पाठोपाठ एक रोमी शताधिपती म्हणतो. वर्षानुवर्षं वाचूनही हे माझ्या नजरेतून निसटलं होतं, आणि प्रुफं तपासणाऱ्याला असं निसटलेलं फार लागतं.

पौलाची सगळी पत्रं पौलाचीच?

सात पत्रांबद्दल फारसा वाद नाही: रोम, करिंथची दोन, गलती, फिलिप्पै, थेस्सलनीकाचं पहिलं आणि फिलेमोन. बाकीच्यांबद्दल कमी-जास्त शंका आहे. तीमथ्य आणि तीताला लिहिलेल्या पत्रांबद्दल सर्वांत जास्त. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रावर तर लेखकाचं नावच नाही. ते कुणी लिहिलं हे देवालाच ठाऊक, असं तिसऱ्या शतकात ओरिगेन म्हणून गेला.

'म्हणजे खोटी पत्रं?' हा पुढचा प्रश्न. इथे आपल्याकडचा अनुभव उपयोगी पडतो. 'तुका म्हणे' अशी मुद्रा असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचा नाही आणि 'नामा म्हणे' म्हणणारे नामदेव एकाहून जास्त होऊन गेले, हे वारकऱ्यांनाही ठाऊक असतं. प्रक्षिप्त अभंग गाताना कुणाचा टाळ थांबत नाही. मात्र ही तुलना फार ताणू नये. अभंगाची मुद्रा वेगळी आणि 'हे मी माझ्या हातानं लिहितोय' असं पत्रात सांगणं वेगळं. प्राचीन काळीही लोकांना बनावट पत्रांचा राग यायचाच. यशयाच्या पुस्तकाला ही तुलना जास्त शोभते. इ.स.पू. आठव्या शतकातल्या संदेष्ट्याच्या नावाखाली चाळिसाव्या अध्यायापासून बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांशी बोलणारा आवाज येतो आणि इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेणाऱ्या कोरेश राजाचं थेट नाव घेतो.

यशयानं कुमारीची भविष्यवाणी केली होती की नाही?

हिब्रूत यशया ७:१४ मध्ये शब्द आहे 'अल्मा', म्हणजे वयात आलेली मुलगी. ख्रिस्तपूर्व काळातल्या ग्रीक भाषांतरकारांनी तिथे 'पार्थेनोस' घातला, ज्यात अस्पर्शित हा अर्थ ठळक आहे. मत्तयानं येशूच्या जन्माच्या हकिकतीत (१:२३) उतारा ग्रीकमधून घेतला. मराठी भाषांतरकारांचं नशीब थोर, त्यांना 'कुमारी' हा शब्द मिळाला. त्यात लग्न न झालेली मुलगीही बसते आणि कौमार्यही बसतं, वाद दोन्ही बाजूंनी झाकला जातो. यशयाच्या ऐन प्रसंगात ही खूण घाबरलेल्या आहाज राजासाठी आहे, सातशे वर्षांनंतरच्या कुणासाठी नव्हे, हे अभ्यासक म्हणतात आणि यहुदी वाचक तर केव्हापासून म्हणताहेत. मत्तय भाकिताचा पुरावा दाखवतोय की जुन्या ओळीत नवा अर्थ भरतोय? हा प्रश्न वर्गात तीन शनिवार चालला. एक मावशी अजून रुसलेल्या आहेत.

सुईचं नाक म्हणजे यरुशलेमचा एक छोटा दरवाजा होता ना?

श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो, त्यावरचा हा प्रश्न. दरवाजा नव्हता. पहिल्या शतकात असा दरवाजा होता याला पुरावा नाही. हे स्पष्टीकरण शतकानुशतकांनंतरचं आहे आणि श्रीमंतांना बरं वाटावं म्हणून टिकलं असावं. मी स्वतः हे दरवाजाचं प्रकरण रविवारच्या शाळेत पोरांना रंगवून सांगितलं आहे, फळ्यावर उंट गुडघे टेकताना काढून. बाबेलच्या तालमूदात, म्हणजे यहुद्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, अशक्य गोष्टीसाठी सुईच्या नाकातून हत्ती जातो. मुक्ताबाईंची मुंगी सूर्याला गिळते तेव्हा आपण मुंगीची जात शोधत बसत नाही.

येशू खरोखर होऊन गेला का?

हो, धर्म न मानणारे इतिहासकारही जवळजवळ एकमतानं हेच म्हणतात. रोमी सुभेदार पिलाताच्या अमलात त्याला वधस्तंभावर मारलं हे रोमी इतिहासकार टॅसिटसनं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं आहे. यहुदी इतिहासकार योसेफसमध्येही उल्लेख आहे, त्यात ख्रिस्ती हातांनी भर घातलेली स्पष्ट दिसते. पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियात मिळाला. पुनरुत्थान झालं का, हा प्रश्न इतिहासाच्या तराजूत बसत नाही. शिष्यांना तसा अनुभव आल्याची खात्री होती, इथवर इतिहास येतो.

त्र्यैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) हा शब्द बायबलमध्ये कुठे आहे?

नाही कुठेच. नायसियाच्या परिषदेत (३२५) पुत्र पित्याशी 'एकाच तत्त्वाचा' आहे असं ठरलं. तो शब्दही बायबलबाहेरचा, म्हणून तेव्हाही आरडाओरडा झाला.

चर्चला हे असलं वाचन चालतं का?

चर्च कुठलं आणि साल कोणतं यावर आहे. कॅथलिकांमध्ये १९०७ मध्ये पोपनी आधुनिक विचारांचा निषेध केला आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड ल्वाझी यांना बहिष्कृत केलं. १९४३ मध्ये दुसऱ्या पोपनी मूळ भाषा आणि साहित्यप्रकार यांचा अभ्यास करा असं पत्रकच काढलं. प्रॉटेस्टंटांत याच्या दोन टोकांना दोन्ही मतं आजही नांदतात. आमच्या पाळकसाहेबांचं धोरण असं: खोली वापरा, माझं नाव वापरू नका.

हे सगळं युरोपचं. पुण्याचा यात काय संबंध?

नगर रोडवरचं ज्ञानदीप विद्यापीठ १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आलं. बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून. एक कॅथलिक, एक इव्हँजेलिकल; देशभरातून विद्यार्थी येतात. रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी हिब्रूत तोरा, म्हणजे तीच पहिली पाच पुस्तकं, वाचत आले आहेत.

नगर रोडच्या दोन माणसांबद्दल सांगायला हवं. रिचर्ड डि स्मेट हे बेल्जियन जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे कॅथलिक धर्मगुरू. शंकराचार्य निव्वळ तर्कवादी नसून श्रुतीचा अर्थ लावणारे ईशशास्त्रज्ञ होते असं त्यांनी १९५३ च्या आपल्या प्रबंधात मांडलं. दुसरे जॉर्ज सोअरिस-प्रभू. मत्तयातल्या येशूच्या बालपणकथांवर त्यांनी अस्सल युरोपीय पद्धतीचं काटेकोर काम केलं. मग तेच म्हणू लागले की ही पद्धत आपल्या लोकांना न पडलेल्या प्रश्नांची उत्तरं देते. मत्तयाच्या शेवटची 'जा, सर्व राष्ट्रांना शिष्य करा' ही आज्ञा त्यांनी बुद्धानं भिक्षूंना दिलेल्या आज्ञेशेजारी ठेवून वाचली. 'बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी' फिरा, असं बुद्ध सांगतो. आपल्या एसटीनं घेतलेलं ब्रीद तेच. दोन्ही शेजारी ठेवल्यावर एकीत अधिकाराचा स्वर चढा लागतो आणि दुसरीत करुणेचा. ख्रिस्ती वाचकानं हे ऐकून घ्यावं असा त्यांचा आग्रह होता. १९९५ मध्ये ते गेले.

आणि पुण्याजवळचं केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आयुष्याची शेवटची वर्षं त्यातच घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकामुलींनीच खिळे जुळवले, छपाई केली. संस्कृत ज्यांना तोंडपाठ त्यांनी ठरवून साध्या बायांना कळेल अशी मराठी लिहिली. माझ्या धंद्यातला माणूस यापुढे टोपी काढतो.

दलित वाचन म्हणजे वेगळं बायबल का?

बायबल तेच, बसायची जागा वेगळी. अरविंद निर्मल या मराठी ईशशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या व्याख्यानापासून ही मांडणी सुरू केली. त्यांनी अनुवाद २६:५ घेतलं. तिथे इस्राएली माणूस आपला पूर्वज भटका अरामी होता असं कबूल करतो. निर्मल म्हणाले, माझ्या दलित पूर्वजाला तर भटकायचंही स्वातंत्र्य नव्हतं. या एका वाक्यानंतर ती ओळ मला पूर्वीसारखी वाचता आलेली नाही. बायकांच्या नजरेनं वाचणाऱ्यांनीही अशाच जागा उघड्या केल्या. रोमकरांस पत्रातल्या (१६:७) यूनिया या प्रेषितांत नावाजलेल्या बाईला कित्येक भाषांतरकारांनी पुरुष करून टाकलं होतं.

एवढं सगळं वाचून श्रद्धा उडत नाही का?

एकाची उडाली. तो अजून येतो, खुर्च्याही तोच लावतो. माझी राहिली आहे, पण लहानपणी होती ती ही नव्हे.

सुरुवात कशी करू?

मार्क एका बैठकीत वाचा, दीड तास लागतो. मध्ये प्रवचनं ऐकू नका. मग दोन भाषांतरं शेजारी ठेवा, फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल त्यातलं एक असू द्या. दोन रंगांच्या पेन्सिली अप्पा बळवंत चौकात मिळतात. पेन आणू नका, खोडता येत नाही.

वर्गात चहा मिळतो का?

मिळतो. १८९० च्या ऑक्टोबरात याच पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली, चहा-बिस्किटं पुढे आली, आणि गोपाळराव जोशांनी कोण कोण होतं ती यादी वर्तमानपत्रात छापून आणली. मिशनऱ्यांकडचा चहा म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आम्ही यादी करत नाही. साखर कमी हवी असेल तर आधी सांगा, मावशी एकदाच गाळतात.